कूस

नारिनच्या इस्पितळात रात्री अडीचला
आम्ही चौघं लागतो एका बाईला वळवायला.
मी डोक्याशी, जिपार मास्कपाशी,
दोन कडांना कुबात आणि त्याचा मेहुणा.
मेहुणा खरं तर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर,
पण हात ते हात.

बाईचं नाव बुरूल.
आमच्या भाषेत, 'वळ'.
चार मुलींवर पाचवी झाली तेव्हा बापाने
नशिबाला केलेली ती आज्ञा होती,
तिला नव्हे.
तरी एकसष्ट वर्षं त्या हाकेला ओ तिनेच दिली.

आकडा ब्याऐंशी.
ऑक्सिजन पंधरावर,
मास्कची पिशवी फुगते, चपटी होते,
सिलिंडरचा काटा तांबड्याकडे कलतो.
भरलेले घेऊन निघालेला ट्रक
दोलोन घाटाच्या अलीकडे आहे की पलीकडे,
फोन लागत नाही.

डॉक्टर साइरा म्हणते,
उताणं निजलं की आपलंच काळीज
आपल्या फुप्फुसावर बसतं.
पाठीकडचा भाग चेपून राहतो,
हवा तिथवर पोचत नाही.
पालथं घाला.
इतकं सोपं आहे हे,
आणि बावन्न किलो.

काल आम्ही ओढलं होतं तिला.
चादर फाटली. आकडा अडुसष्टवर आला.
ती छताकडे बघत राहिली
आणि कुबात बाहेर जाऊन
थंड भिंतीला कपाळ लावून उभा राहिला.

आज तिने मास्कखालून काही म्हटलं.
मी वाकले. एक शब्द, मग श्वास,
एक शब्द, मग श्वास:
"ओढता... काय...
लाटा."

हयातभर तिने नमदेच लाटले.
गवताच्या चटईवर लोकर पसरायची,
कढत पाणी शिंपडायचं, घट्ट गुंडाळायचं,
आणि ओळीने गुडघ्यांवर बसलेल्या बायका
कोपरापासून मनगटापर्यंत वजन देत
पुढे, मागे, पुढे.
आईच्या घरचा तांबडा नमदा तिच्याच हातचा,
त्यावर मेंढ्याची काळी शिंगं.
मी पहिल्यांदा पालथी पडले असेन
ती त्याच शिंगांवर.

मग दोन चादरी, एक खाली, एक वर.
मध्ये ती, आणि उश्या:
एक छातीशी, एक कमरेशी, पोट मोकळं.
कडा जुळवून गुंडाळत आणल्या
पार तिच्या अंगापर्यंत.
"बिर," मी म्हटलं.
"एकी."
"उच" तोंडातून निघायच्या आत
ती वळली होती.

तोंड उजवीकडे, उजवा हात वर,
पोहणाऱ्यासारखा.
इथे पोहता कुणालाच येत नाही,
नदी शिकू देत नाही.

आकडा आधी पडला. शहात्तर.
कुणी काही बोललं नाही.
एकोणऐंशी. पुन्हा अठ्ठ्याहत्तर.
मेहुण्याने टोपी काढून हातात धरली, का कोण जाणे.
मग चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी,
आणि तासाभराने, कुणाचं लक्ष नसताना, त्र्याण्णव.
जिपारने पंधराचं दहावर आणलं.
काटा जरा थबकल्यासारखा वाटला.

पलीकडच्या खाटेवर असान मास्तर.
कालपासून म्हणतायत,
मी काय तान्हं आहे, पालथं पडायला?
बसल्या बसल्या खांद्यांनी श्वास ओढतायत,
आणि आता, बघत नाही असं दाखवत,
तिच्याकडे बघतायत.

एखाद्याने पाठ फिरवली म्हणतात
ते नेहमी वाईट अर्थानेच.
मी मात्र पाठीकडेच बघत बसलेय.
मळक्या गाऊनच्या दोन बंदांमध्ये
तळव्याएवढी उघडी कातडी,
ती वर येते, थांबते,
खाली जाते.
वर केलेल्या हाताची बोटं
गादी चाचपतात, विण तपासतात,
गादी तिच्या पसंतीस उतरत नसावी.

तीन चाळीस. घाटाकडून अजून उजेड नाही.
साडेपाचला तिचं तोंड डावीकडे करायचंय.
मास्तर खाकरले.
म्हणाले, "पोरी, त्या उश्या
अजून आहेत का दोन?"